भिंत पडणार होती, तर तसं लिहायचं

पेंटरचं दुकान म्हणजे आमच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून तो सगळं काम बसूनच करायचा. मांडीवर पत्रा, शेजारी रंगाचे डबे, कानामागे खडू. टर्पेंटाइनचा वास असा सुटायचा की वरच्या मजल्यावर आमचा चहासुद्धा त्याच वासाचा लागायचा. पण कुणी कधी तक्रार केली नाही. माणूसच तसा होता. जिना चढता-उतरता सगळ्यांची विचारपूस करणार, आणि हात मात्र थांबवणार नाही. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, एवढासा, तो त्या पत्र्यावर असा ओढायचा की लोणी कापावं.

त्याचा एक नियम होता. तो त्याला त्याच्या उस्तादांनी घालून दिलेला. कुठलीही पाटी रंगवायच्या आधी ती आपल्या घरातल्या, वाचता न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवायची. आणि 'समजलं का' असं विचारायचं नाही. समजलं का विचारलं की माणूस भिडेनं हो म्हणतो. विचारायचं, 'आता तू काय करशील?' उस्ताद म्हणायचे, "पाटी वाचायला नसते रे. पाटी बघून पाय कुठं वळतात, ते खरं."

पेंटरच्या घरात वाचता न येणारं माणूस म्हणजे त्याची बायको. अक्षरओळख नव्हती, पण जिभेला धार! तो खालून ओरडायचा, "अगं, ऐक. 'येथे दात बसवून मिळतील.' काय करशील?"

ती आतून म्हणायची, "कुणाचे दात?"

की झालं. तो खडूनं पुसायचा, आणि दातवाल्याला जाऊन सांगायचा, "डॉक्टर, 'नवीन' शब्द घाला, नाहीतर लोक स्वतःचे पडलेले दात पुडीत बांधून आणतील." डॉक्टर हसायचा, पण घालायचा.

एकदा शिंप्याची पाटी आली, 'लेडीज स्पेशालिस्ट'. बायको म्हणाली, "मी तर लांबूनच निघून जाईन बाई. हा माणूस शिवतो काय ते लिहितच नाही, नुसता बायकांमधला जाणकार आहे म्हणतो." शिंपी आठवडाभर पेंटरशी बोलला नाही. मग पाटीवर 'पोलकी, परकर, झगे' असं आलं, आणि त्याच्याकडे रांग लागली.

तर असा हा माणूस. आणि याच माणसाच्या हातून ती पाटी झाली. म्हणून तर माझा जीव अजून जळतो.

आमच्या घरांच्या मागं एक जुनं गोदाम होतं. त्याची मागची भिंत दोन माणसं उंच, आणि तिच्या सावलीत इस्त्रीवालीचं टेबल. वीस वर्षं. तिची ती कोळशाची इस्त्री, पितळेच्या कडीची, उचलायची म्हणजे खेळ नव्हे. सकाळी सहाला ती निखारे फुंकायला बसायची, ते दिवेलागणीपर्यंत. अख्ख्या गल्लीच्या सदऱ्यांच्या कॉलरी तिच्या हाताखालून गेलेल्या. कुणाचं बटण तुटलंय, कुणाच्या खिशात कुणाची चिठ्ठी राहिलीय, सगळं तिला ठाऊक, आणि तोंडातून शब्द बाहेर नाही. पेंटर तिला ताई म्हणायचा. ती त्याला भाऊ म्हणायची. वाचायला ती मोठेपणी शिकली होती, दुपारच्या वर्गात जाऊन. अक्षराला अक्षर लावून, बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. कपडे गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राचा कागदसुद्धा ती आधी वाचून काढायची, मग घडी घालायची.

त्या वर्षी नगरपालिकेच्या ऑफिसनं पाइप टाकायला भिंतीच्या पायाशी खड्डा खणला. खणला, पाइप टाकला, आणि माती ढकलून निघून गेले. चार-सहा आठवड्यांनी भिंतीला पोट सुटलं. सुटलं म्हणजे अगदी दिवस भरलेल्या बाईसारखं. आम्हाला वाटलं, जुनी भिंत, पोट सुटलं तरी उभी राहील. ऑफिसचे मोठे साहेब येऊन बघून गेले, मान हलवून गेले. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा कारकून पेंटरकडे चिठ्ठी घेऊन आला. त्या कारकुनाला सगळे शिक्केवाला म्हणायचे, कारण त्याच्या बोटाला कायम जांभळी शाई.

चिठ्ठीवर लिहिलेलं, 'कॉर्डन्ड ऑफ एरिया'. खाली, 'आदेशावरून'. बस. एवढंच. चार पाट्या, संध्याकाळपर्यंत.

पेंटरनं चिठ्ठी उलटून बघितली, पाठीमागं काही आहे का म्हणून. "भाऊसाहेब, याचा अर्थ काय?"

"मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय."

"हो, पण म्हणजे काय?"

"तुला अक्षरांचे पैसे मिळतात की अर्थाचे?" शिक्केवाला म्हणाला, आणि चपला वाजवत गेला.

आता इथं पेंटरनं काय करायचं? बायकोला हाक मारायची. ती वरच होती, धुणं वाळत घालत होती. पण त्यानं नाही मारली. का नाही मारली, ते त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं, म्हणून मी सांगते. एक तर घाई. दुसरं म्हणजे त्याला वाटलं, इंग्रजी शब्द आहे, हिला काय कळणार, विचारायचं तरी कशाला. आणि तिसरं, जे त्याला सगळ्यात जास्त बोचलं, ते हे की त्याला तो शब्द आवडला. लांबलचक, ठसठशीत. त्यानं लाल जमिनीवर पांढरी अक्षरं काढली, प्रत्येक अक्षराला काळी सावली दिली, रफार असा वळवला की मोराची मान. चारही पाट्या इतक्या देखण्या झाल्या की वाळत ठेवल्या तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. बघितलं सगळ्यांनी. 'म्हणजे काय' असं कुणी विचारलं नाही. अडवून बंद केलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ, पण तो मलाही फार पुढं कळला. इंग्रजीपुढं आपण सगळे असेच. कळलं नाही म्हणायची लाज, म्हणून मान हलवायची.

ऑफिसच्या माणसांनी भिंतीपुढं एक सुतळी बांधली, तिला पाट्या अडकवल्या, आणि गेले. सुतळी! गुरालाही कुणी सुतळीनं बांधत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच हातगाडीवाल्यानं ती सोडून बाजूला टाकली, त्याला वळायला जागा हवी होती. पाट्या मग त्यानंच उचलून भिंतीला टेकवून ठेवल्या. चांगल्या पाट्या आहेत, खराब होऊ नयेत म्हणून!

सकाळी इस्त्रीवाली आली. पाटी बघितली. बोट ठेवून वाचली. कॉर, डन्, ड. ऑफ. एरिया. 'एरिया' तिला ओळखीचा होता. आदल्या वर्षी चौकात ऑफिसनं 'ग्रीन एरिया' अशी पाटी लावली होती, आणि तिथं दोन कुंड्या आल्या होत्या. तिला वाटलं, आता इथंही काहीतरी येईल. बाकडं येईल, नाहीतर कुंडी येईल. हसू नकोस. यात हसण्यासारखं काय आहे? तिनं आपल्या अकलेप्रमाणं अर्थ लावला. ज्यांची अकल मोठी त्यांनी काय दिवे लावले?

पेंटर चहाचा पेला घेऊन तिकडून चालला होता. तिनं हाक मारली.

"भाऊ, अक्षर काय सुरेख काढलंस रे! लग्नपत्रिका छापावी असं. पण हे आहे तरी काय?"

पेंटरचा पाय थांबला. आणि त्यानं काय उत्तर दिलं?

"ऑफिसचं काहीतरी आहे, ताई."

"मग मी बसू ना?"

"बसा की. तुम्हाला कोण उठवतंय?"

असं म्हणून तो हसला, आणि गेला.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, भिंत पडली.

आवाज असा झाला की आमच्या फडताळातली भांडी खाली आली. मी जिन्यात आले तोवर पेंटर धावत सुटलेला, हातात ब्रश तसाच. धूळ इतकी की समोरचा माणूस दिसेना. त्यानं विटा हातानं उपसल्या. हातगाडीवाला आला, शिंपी आला, सगळे उपसायला लागले. ती बोलत होती, देवाच्या दयेनं बोलत होती. पहिलं काय म्हणाली, तर "इस्त्री उचला, निखारे आहेत, कुणाचा हात भाजेल." तिचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. आणि तिच्या शेजारी, विटांमध्ये, ती लाल पाटी. वाकलेली, पण अक्षर अन् अक्षर शाबूत. पेंटरनं ती पाटी उचलून घरी आणली. का आणली, त्याचं त्यालाही तेव्हा कळलं नसेल. जिन्याखाली टेकवून ठेवली आणि तिच्यापुढं बसून राहिला.

संध्याकाळी बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "वाचून दाखवा."

"आता कशाला?"

"वाचा म्हणते ना."

त्यानं वाचली. "कॉर्डन्ड ऑफ एरिया."

ती वाट बघत राहिली. "आणि पुढं?"

"पुढं काही नाही."

"आणि आता मी काय करायचं, हे नाही विचारत?"

पेंटरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायको एरवी सोडणारी नव्हे. पण त्या दिवशी तिनं नुसता त्याच्या पायाशी पडलेला ब्रश उचलला, रॉकेलमध्ये बुडवून धुतला, आणि जागेवर ठेवला.

पाय वाचला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला. पण मला राग येतो तो याच्या पुढच्याचा. भिंत काय, भिंतीला डोळे नसतात. माणसांना असतात.

आठव्या दिवशी शिक्केवाला इस्पितळात गेला, कागद घेऊन. इस्त्रीवालीच्या उशाशी पेंटर आणि त्याची बायको बसलेली. शिक्केवाल्यानं घडाघडा वाचलं आणि म्हणाला, "इथं सही करा."

"सावकाश वाचा," ती म्हणाली. "नाहीतर द्या, मीच वाचते."

तिनं कागद घेतला. बोट ठेवलं. सगळे थांबले. शिक्केवाला घड्याळ बघतोय, आणि हिचं बोट चाललंय मुंगीच्या पायानं. एका ओळीवर ते थांबलं. 'सूचना फलक असूनही सदर महिलेने दुर्लक्ष केले.'

"दुर्लक्ष म्हणजे बघितलं नाही, असंच ना?"

"अहो, ती लिहायची पद्धत आहे."

"मी दुर्लक्ष नाही केलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, पण शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा उठून बसली. "मी अक्षर अन् अक्षर वाचलं. दोनदा वाचलं. मी सही नाही करणार."

"नका करू. सहीवाचूनही कागद पुढं जातो."

आणि गेला की! गल्लीतही लोक बोलायला लागले. "पाटी होती म्हणे, तरी बसली. हट्टी बाई." ज्यांचे सदरे विटांखाली फाटले ते म्हणायचे, "तिच्याच चुकीनं ना." अरे, वीस वर्षं तिनं तुमच्या कॉलरी ताठ केल्या, आणि तुमच्या माना एका कागदानं फिरल्या? म्हणतात, शहाण्याला शब्दाचा मार. इथं शब्द साहेबाचा, आणि मार इस्त्रीवालीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिला पायाचं दुःख होतंच. पण ती पेंटरच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, पाय गेला तो गेला. पण मी वाचायला शिकले, आणि तरी मी न वाचणारी ठरले. तेवढी ओळ काढायला सांगा हो कुणीतरी."

मग चौकशी लागली. वरून एक म्हातारे साहेब आले, जाड चष्म्याचे. पेंटरला बोलावणं आलं. आदल्या दिवशी शिक्केवाला जिन्याखाली वाकून सांगून गेला. "तू एवढंच सांगायचं. पाटी रंगवली, अक्षर स्पष्ट होतं. खोटं नाही ना यात? पुढच्या वर्षी सगळ्या रस्त्यांच्या पाट्या निघणार आहेत, लक्षात ठेव."

खोटं नव्हतंच. अक्षर स्पष्टच होतं. हीच तर मेख होती.

पेंटर गेला, तो काखेत वाकलेली पाटी मारून, आणि मागं बायको. शिपाई म्हणाला, "बाईमाणूस कशाला?" बायको म्हणाली, "मी यांच्या हत्यारांपैकी आहे," आणि सरळ आत.

आत मोठे साहेब, शिक्केवाला, आणि म्हातारे साहेब. पेंटरनं पाटी टेबलावर उभी केली. म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं, "अक्षर स्पष्ट होतं?"

"होय साहेब. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर आहे ते." तो म्हणाला. "पण आमच्यात पाटी अशी तपासत नाहीत. परवानगी असली तर तपासून दाखवतो."

साहेबांनी मान हलवली. पेंटर बायकोकडं वळला, जिन्याखालून विचारायचा तसाच. "ऐक गं. 'कॉर्डन्ड ऑफ एरिया.' काय करशील?"

"काय करणार! कुणाला तरी विचारीन."

"कुणाला?"

"ज्यानं पाटी काढली त्याला."

"तिनं तेच केलं, साहेब," पेंटर म्हणाला. "तिनं मलाच विचारलं. आणि मी म्हणालो, ऑफिसचं काहीतरी आहे, बसा. मी म्हणालो, बसा. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. तिचं नको."

मोठे साहेब मग खाकरले. "हा सर्वसाधारण वापरातला शब्द आहे. सगळ्यांना कळतो."

म्हाताऱ्या साहेबांनी चष्मा वर केला आणि दारातल्या शिपायाला विचारलं, "तुम्ही ही पाटी बघून काय कराल?"

शिपाई ताठ झाला. "गाडी लावणार नाही, साहेब."

"आणि तुम्ही?" शिक्केवाल्याला विचारलं.

त्याच्या कपाळावर घाम. "म्हणजे... ते क्षेत्र... आदेशावरून... प्रतिबंधात्मक..."

"मी अर्थ विचारला नाही. काय कराल?"

शिक्केवाल्यानं मोठ्या साहेबांकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि आपल्या जांभळ्या बोटाकडं बघितलं. "वर विचारीन, साहेब," तो म्हणाला.

पेंटरची बायको तेवढ्यात बोललीच, "वर म्हणजे देवाला का?" नवऱ्यानं तिला कोपर मारलं, पण म्हाताऱ्या साहेबांनी ऐकलं होतं.

मग पेंटर मोठ्या साहेबांकडं वळला. आवाज चढवायचा माणूस नव्हे तो, पण त्या दिवशी चढला. "साहेब, तुम्ही भिंत बघितली होती. पडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. घरच्या बाईसाहेब त्या भिंतीखाली उभ्या असत्या, तर तुम्ही काय ओरडला असता? 'कॉर्डन्ड ऑफ' असं ओरडला असता? 'अगं, सरक, भिंत पडतेय' असंच ओरडला असता ना? मग आमच्या ताईला तेवढंच का नाही म्हणालात?"

मोठ्या साहेबांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

म्हाताऱ्या साहेबांनी लाल पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. 'दुर्लक्ष केले' गेलं. पण त्याजागी काय लिहिलं? 'सूचना फलक लावण्यात आले होते.' पूर्णविराम. कुणी लावले, त्यात काय लिहिलं होतं, कशाचाच पत्ता नाही. पेंटरचंही नाव नाही, मोठ्या साहेबांचंही नाही. फलक जसे आपल्या पायानं चालत येऊन भिंतीला टेकले!

इस्त्रीवालीनं तो कागद वाचला, बोट ठेवून. बराच वेळ वाचला. मग म्हणाली, "माझ्यावरचं खोटं गेलं. त्यांच्यावरचं खरं काही आलं नाही." आणि घडी घालून उशीखाली ठेवला. घडी अशी, की इस्त्री फिरवल्यासारखी.

पेंटरला ऑफिसचं काम पुन्हा मिळालं नाही. रस्त्यांच्या पाट्या दुसऱ्याच कुणी केल्या. पण भिंतीचा अर्धा भाग अजून उभा होता, आणि त्यालाही पोट होतंच. ऑफिसनं तिथं सुतळीसुद्धा पुन्हा बांधली नाही. तेव्हा पेंटरनं एक मोठा पत्रा घेतला. सावली नाही, रफाराची मोराची मान नाही. काळी, जाड अक्षरं. बायकोला तीनदा वाचून दाखवली. तिनं दोनदा नापास केली. तिसऱ्यांदा म्हणाली, "आता मी पलीकडून जाईन." मगच रंगवली.

'ही भिंत पडणार आहे. खाली बसू नका, उभे राहू नका. पलीकडून जा.'

भिंतीलाच दोन खिळे ठोकून त्यानं ती लावली. बायको ओरडत होती, "अहो, तुम्हीच खाली उभे आहात," आणि तो खिळा मारून पळत बाहेर.

चार दिवसांनी शिक्केवाला आला. गल्लीत उभा राहून हातातला कागद फडफडवत म्हणाला, "ही पाटी बेकायदेशीर आहे. परवानगी कुणाची घेतलीत?"

तेव्हा इस्त्रीवाली रस्त्याच्या पलीकडं बसायला लागली होती. उंच स्टूल, बगलेत घ्यायची काठी शेजारी टेकवलेली, आणि तीच कोळशाची इस्त्री. तिनं मान वर केली नाही. कुणाच्या तरी कॉलरीवर पाणी शिंपडलं.

"काढायची असेल तर काढा की," ती म्हणाली.

शिक्केवाला दोन पावलं पुढं गेला. पाटी वाचली. भिंतीचं पोट बघितलं. आणि उभा राहिला.

"का हो?" इस्त्रीवाली म्हणाली. "कळली वाटतं."

तो वळला, आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेला.